मास्तर मागता मागता

आमच्या शाळेतल्या रसायनाच्या खोलीला कुलूप होतं, कुलपावर कापड गुंडाळलेलं होतं आणि कापडावर लाखेची मोहोर होती. अकरावीत असताना मी येता-जाता ती मोहोर बघायची आणि दर वेळी वाटायचं, एक दगड उचलावा आणि घालावा त्या कुलपात. खिडकीच्या फटीतून आतलं दिसायचं. लाकडी खोकी, खोक्यांतून बाहेर आलेलं तणस, आणि त्या तणसातून वर डोकावणारी एक लांब काचेची नळी. ती नळी म्हणजे ब्यूरेट हे मला पुस्तकातल्या चित्रामुळे कळलं होतं. दुसरं कोण सांगणार? सांगायला मास्तरच नव्हता.

बालाघाटच्या मुलींच्या सरकारी शाळेत विज्ञान शाखा निघाली ती साठ सालानंतर. तोवर मुलींनी कला घ्यायची, नाहीतर गृहविज्ञान. गृहविज्ञानात आम्हाला झबली शिवायला आणि भाताची पेज करायला शिकवत. भातपिकाच्या मुलखातल्या पोरींना पेज शिकवायला सरकारी बाई नेमलेली होती, याचं मला तेव्हाही हसू यायचं. पण गावातल्या मराठी वडील मंडळींनी खटपट करून, कोणाकोणाच्या ओळखी काढून विज्ञान शाखा आणली आणि माझ्यासारख्या डझनभर पोरी हौसेनं तिकडे गेल्या.

ही वडील मंडळी म्हणजे बहुतेक सगळी सरकारी नोकरीतली. कचेरी, जंगल खातं, बांधकाम खातं, पोस्ट. माझे बाबा एका कचेरीत हेडक्लार्क होते. नागपूर राजधानी होतं तोवर या लोकांचं बरं चाललं होतं. काही अडलं तर सकाळी छोट्या रुळांच्या आगगाडीनं गोंदिया गाठायचं, तिथून नागपूर, तिथे कोणीतरी मावसभाऊ नाहीतर व्याही खात्यात असायचाच. छप्पन्न साली राज्यं नव्यानं बनली, नागपूर पलीकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही अलीकडे मध्य प्रदेशात राहिलो आणि आमचे कागद भोपाळला जायला लागले. भोपाळात कोणाचा कोणी नव्हता. बाबा प्रत्येक गोष्टीला "नागपूर असतं तर" म्हणायचे. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते तसं म्हणतील असं आई म्हणायची.

शाखा निघाली तेव्हा रसायनाला एक मास्तर आले होते. जबलपूरकडचे. नववीत त्यांनी आम्हाला बरं शिकवलं. खोकी फोडली नाहीत, पण फळ्यावर चित्रं सुरेख काढायचे. दहावीच्या दसऱ्यात सुट्टीला म्हणून गेले आणि तिकडेच बदली करून घेतली. जाताना सामानाचा चार्ज कोणाला दिला नाही, कारण घ्यायला कोणी तयारच झालं नाही. ज्याच्या नावावर चार्ज, त्याच्या पगारातून फुटक्या काचेची वसुली. गणिताच्या बहनजी म्हणाल्या, मी गणिताची. गृहविज्ञानाच्या बहनजींनी तर हात जोडले. मग मोठ्या बहनजींनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेनं, कुलूप घातलं, मोहोर मारली आणि वर कळवलं.

मी घरी येऊन थयथयाट केला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यायचं. चार्ज घेतल्याशिवाय खोली कशी उघडतीन?"

"मग आम्ही शिकायचं कसं?"

"ते वेगळं. ते चूक आहे. पण खोलीचं बरोबर आहे."

माझ्या बाबांचा हा स्वभाव होता. अन्याय होतोय हे त्यांना कळायचं, पण तो नियमाला धरून होतोय म्हटल्यावर त्यांचा निम्मा राग उतरायचा. माझा दुप्पट व्हायचा.

दहावीचं उरलेलं वर्ष असंच गेलं. भौतिकशास्त्र गणिताच्या बहनजी वाचून दाखवायच्या. रसायनाच्या तासाला आम्ही मोकळ्या. मोकळ्या म्हणजे कोणी विणकाम काढायचं, कोणी झोपायचं, मी वर्गात फेऱ्या मारायची. एका जागी बसवतच नसे. नागपूरला मावशीकडे राहून बी.एस्सी. करायचं हे माझं ठरलेलं होतं. बाबांची अटही ठरलेली होती: पहिला वर्ग आला तर नागपूर, नाहीतर इथेच मास्तरणीचं ट्रेनिंग. आणि पहिल्या वर्गाचं गणित रसायनावर येऊन अडत होतं. पुस्तक पाठ करता येतं. पण प्रॅक्टिकलचं काय करायचं? प्रॅक्टिकलच्या वह्या मात्र आमच्या पूर्ण होत्या. मुलांच्या शाळेतल्या भावांच्या, चुलतभावांच्या वह्या आणून आम्ही उतरवल्या होत्या. कोणत्या प्रयोगात रंग कधी बदलतो ते मला झोपेतही सांगता आलं असतं. तो बदलताना मी एकदाही पाहिला नव्हता.

अकरावी, म्हणजे आमच्याकडे शाळेचं शेवटचं वर्ष, सुरू झाली आणि वडील मंडळींना घाम फुटला. एका रविवारी सगळे आमच्या ओसरीवर जमले. चहा झाला, सुपारी झाली, मोठ्या बहनजींना नावं ठेवून झाली. शाळा कशी बुडाली, पूर्वीचे हेडमास्तर कसे छडी घेऊन फिरायचे, सगळं निघालं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, आता अर्जाचं बोला. अर्जाचं निघालं तेव्हा जो तो टोपी सारखी करायला लागला. सरकारी शाळेविरुद्ध सरकारी माणसानं सही कशी करायची? नोकरीचे नियम होते. कोणीतरी म्हणालं, बिनसहीचा पाठवू. त्यावर बाबाच म्हणाले, "बिनसहीचे मी रोज टोपलीत टाकतो."

तेवढ्यात माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचे वडील आले. ते राजेगावकडचे शेतकरी. मुलीला मामाकडे ठेवून शिकवत होते आणि त्या दिवशी तिला तांदूळ द्यायला सर्व्हिस मोटारीनं आले होते. ओसरीवरच्या एवढ्या टोप्यांमध्ये सरकारचं मीठ न खाणारा तो एकच माणूस. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. त्यांना बसायला पुढची जागा मिळाली, चहा पुन्हा झाला.

"भाऊ, तुमची एक सही पाहिजे," बाबा म्हणाले.

"हौ, करतो ना. कायले भेता?" ते म्हणाले. "पण मी म्हणतो, सही कायले? चला ना सगळे, जाऊन उभे राहू बाईपुढं. म्हणू, मास्तर कुठं आहे आमचा?"

"तसं नसते भाऊ," बाबा म्हणाले.

"काहून नसते?"

मला तर टाळी वाजवावीशी वाटली. पण शेवटी अर्जच झाला. बाबांनी झकास हिंदीत मसुदा केला, मैत्रिणीच्या वडिलांनी मोडीसारखी वळणदार सही केली आणि अर्ज भोपाळला गेला.

तो भोपाळला पोचला हे आम्हाला कळलं, कारण तो परत आला. सरकारी कागद जसा वर चढतो तसाच उतरतो. भोपाळहून विभागाला, विभागाहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून योग्य त्या कार्यवाहीसाठी आमच्या शाळेत, मोठ्या बहनजींच्या टेबलावर. त्यांनी मैत्रिणीच्या वडिलांना बोलावून घेतलं. काही रागावल्या नाहीत. खुर्ची दिली आणि म्हणाल्या, मास्तर माझ्या हातात नाही, तुम्हाला मुलीची चिंता वाटत असेल तर तिचं नाव कला शाखेत घालून देते, मात्र तिथे ती नववीपासून सुरुवात करील. तो माणूस उठून उभा राहिला. परत जाताना आमच्या घरी आला आणि बाबांना म्हणाला, "बाबूजी, पोरीचे दोन वर्स जातीन. माहा अर्ज वापस घ्या." बाबांनी तोही मसुदा झकास हिंदीत करून दिला.

मी त्या दिवशी जेवले नाही. आईनं दोनदा बोलावलं, मग म्हणाली, "उपाशी राहून मास्तर येते का?" ते खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

बायका शाळेत जाऊन आल्या ती गोष्टही सांगते. पुरुषांना नोकरी आडवी येते तर बायकांनी जावं असं ठरलं. चारपाच जणी दुपारचं आवरून, धुतलेली लुगडी नेसून गेल्या. तासाभरानं परतल्या त्या खुशीत. मोठ्या बहनजींनी त्यांना चहा पाजला होता, स्वतःच्या गुडघेदुखीचं सांगितलं होतं आणि आईनं त्यांना एरंडेलाचा शेक सुचवला होता.

"मास्तराचं काय झालं?" मी विचारलं.

"बिचारी एकटीच राहून राह्यली इथं," आई म्हणाली. "तिचंही कोणी ऐकत नाई म्हणे. भली बाई आहे."

मी कपाळावर हात मारून घेतला. या गावात कोणीही वाईट नव्हतं, हीच मोठी पंचाईत होती. एखादा राक्षस सापडला असता तर बरं झालं असतं.

फाल्गुनात प्रॅक्टिकलची परीक्षा आली. बाहेरगावचे परीक्षक छोट्या गाडीनं येणार, आणि त्यांच्या जेवणाचं काय हा प्रश्न नेहमीप्रमाणे निघाला. परीक्षकाला जेवू घालायचं ही तिकडची रीतच होती. मुलांच्या शाळेत मास्तर लोक आपसात वर्गणी काढून खानावळीतून डबा मागवत. मुलींच्या शाळेत तो मान मुलींच्या घरांकडे यायचा. मोठ्या बहनजींनी निरोप पाठवला. आमचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत, आणि आईच्या हाताची तारीफ गावभर. पंगत आमच्याकडे ठरली.

या पंगतीत वडील मंडळींना एकदम देव दिसला. बाबा कचेरीतून लवकर घरी आले आणि आईला म्हणाले, "आम्ही कोणी घरी राहणार नाई. परीक्षकासोबत बसलो तर वशिला लावून राह्यले म्हणतीन. तुम्ही बायकाच असाल. जेवण झालं, हात धुतला, की सांगजो त्याले. तो वर रिपोर्ट लिहिते. त्याचं ऐकतात."

"मी? हिंदीत?" आई म्हणाली.

बाबांनी वाक्य घडवून दिलं. "साहब, डेढ़ साल से रसायन के मास्टर नहीं हैं, आप ऊपर लिखिए." आईनं ते पाठ करायला घेतलं. पुरणाची डाळ निवडताना, वडाभाताचा भरडा दळताना, पाटवड्या थापताना ती ते पुटपुटायची. मधेच अडखळली की मला विचारायची, "डेढ़ म्हणजे दीडच ना व?" माझी धाकटी बहीण तेव्हा आठवीत होती. तीसुद्धा आईच्या मागे मागे तेच वाक्य चालीवर म्हणत घरभर नाचायची. तिलाही पुढल्या वर्षी विज्ञान घ्यायचं होतं. मी जे करीन ते तिला करायचंच असायचं. मला पहिल्यांदा वाटलं, आता होईल. आई एकदा मनावर घेते तेव्हा ते काम होतं, असा तोवरचा अनुभव होता.

परीक्षेच्या दिवशी खोली उघडली. मुलांच्या शाळेतले एक सर दोन दिवसांसाठी पाठवले होते, त्यांनी मोहोर फोडली. आतून कोंदट, उंदराच्या लेंड्यांचा वास आला. खोक्यांतलं सामान टेबलांवर मांडलं होतं. सरांनी आम्हाला आधीच बजावलं, मी सांगितल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. माझ्यापुढे ती ब्यूरेट स्टँडला लावलेली होती. एवढे दिवस फटीतून बघितलेली वस्तू समोर आली आणि मला तिची भीतीच वाटली. तोटी कुठल्या बाजूला फिरवायची तेही कळेना. मी फिरवली तर सगळं पाणी भसकन खाली गेलं आणि खालचा रंगहीन द्रव भडक गुलाबी झाला. वहीत मी डझनभर वेळा लिहिलं होतं: रंग फिकट गुलाबी होताच थांबावे.

परीक्षक म्हातारे होते, धोतर, काळा कोट, थकलेले. माझ्यापाशी येऊन त्यांनी ते भडक गुलाबी पाहिलं.

"पहली बार कर रही हो?"

"जी."

"पढ़ाता कौन है?"

मुलांच्या शाळेतले सर माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मोठ्या बहनजी दारात उभ्या होत्या. तरी माझं तोंड थांबलं नाही. मी म्हटलं, "कोई नहीं पढ़ाता. ये कमरा आज ही खुला है."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुढच्या मुलीकडे गेले. मला आतून फार मोकळं वाटलं. पहिला वर्ग गेला तर जाऊ दे. एकदाचं कोणीतरी कोणालातरी सांगितलं. आणि आता घरी आई सांगणारच आहे.

दुपारी ते आमच्याकडे आले. सोबत मोठ्या बहनजी. एकट्या पाहुण्यानं जेवायला बसणं बरं नाही म्हणून आईनंच त्यांनाही बोलावलं होतं. दोन पाट, दोन पानं, भोवती रांगोळी. चारपाच घरच्या बाया स्वयंपाकघरात आणि मी तुपाची वाटी घेऊन दारात. वडाभातावर चुरचुरीत फोडणी, रस्सा, कढी, पुरणपोळी. परीक्षक आधी संकोचले, मग मनापासून जेवले. आईचा आग्रह म्हणजे काय विचारता. नाही म्हणणाऱ्याच्या पानात ती हात आडवा यायच्या आत वाढायची. मोठ्या बहनजींनाही तिनं पोळी वाढली आणि गुडघ्याचं विचारलं.

मी आईकडे बघत होते. तिचे ओठ हलत होते. वाक्य चाललं होतं आतल्या आत.

आणि मग सांगायची वेळ तिच्यावर आलीच नाही, कारण परीक्षकांनीच विषय काढला. शेवटचा भात कालवता कालवता ते म्हणाले, "माताजी, एक बच्ची कह रही थी कि यहाँ रसायन कोई पढ़ाता ही नहीं. आप लोगों को कोई तकलीफ़ हो तो बताइए."

मोठ्या बहनजींचा हात पानात थांबला. त्यांनी मान वर करून आईकडे पाहिलं. स्वयंपाकघरातल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. चल, बोल आता. डेढ़ साल से. पुढचं आपोआप येईल.

आई पदर सारखा करत म्हणाली, "नाई नाई साब, कुछ तकलीफ नहीं. सब अच्छा है. बहनजी भोत अच्छी है. पोरीबाळी हैं, कुछ भी बोलते." आणि मग, "आप एक पोळी और लेव."

तुपाची वाटी माझ्या हातात होती. ती मी आपटली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. आईनं मला खोटं पाडलं होतं, तेही चार लोकांत, तेही ज्या माणसाला मी कसंबसं खरं सांगितलं होतं त्याच्यासमोर. परीक्षक "अच्छा, अच्छा" म्हणाले, पोळीला नको म्हणाले आणि आईनं ती वाढलीच. हात धुताना मी पाणी घालत होते. ते हळूच म्हणाले, "नंबर की चिंता मत करो, बेटी." मला नंबरांची चिंता नव्हती असं म्हणता येणार नाही. होती. पण त्या क्षणी ते शब्द कानफटात मारल्यासारखे लागले.

ते गेल्यावर मी आईशी भांडले. असं भांडण मी आधी कधी केलं नव्हतं. ती खरकटी पानं उचलत होती. ऐकून घेतलं आणि मग पान हातात धरून उभी राहिली.

"ते बाई आपल्या घरी जेवून राह्यली होती," ती म्हणाली. "मीच तिले बोलावली. तिच्या पानावर तिची चाडी कशी करू मी? घास उतरला असता का तिच्या घशाखाली? दुसरा काही वखत असता तर बोलली असती."

"दुसरा वखत आता कुठून आणणार?"

"नाई आला तर नाई आला. जेवत्या माणसाची मान खाली घालायची नाई." आणि तिनं पानं नेऊन गाईपुढे टाकली.

खरं सांगायचं तर ती चुकली असं वाटत होतं आणि ती म्हणत होती ते चूकही नव्हतं. मी नुसती अंगणात येरझारा घालत राहिले. बाबा संध्याकाळी आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पानावर तर नाईच बोलता येत." नियमाला धरून होतं ना!

निकालापर्यंतचे महिने मला काढवले नाहीत. कैऱ्या आल्या, लोणची घातली गेली, ओसरीवर माणसं येत राहिली आणि शाळेला शिव्या घालत राहिली. पोरींचं वाटोळं केलं, कोर्टात खेचलं पाहिजे, असलं सगळं. मग निकाल लागला. आम्ही सगळ्याच्या सगळ्या पास. प्रॅक्टिकलला कोणालाच वाईट गुण नव्हते. मला पहिला वर्ग मिळाला. शाळेच्या फाटकावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: विज्ञान शाखा, शत प्रतिशत. आमच्या ओसरीवर पेढे आले. तेच लोक, तीच सतरंजी. "काही म्हणा, शाळा चांगलीच आहे," असं मी माझ्या कानांनी ऐकलं. मीही पेढा खाल्ला. नागपूर पक्कं झालं होतं आणि आनंद झाला होता, तो कशाला लपवू?

जुलैत बहिणीचं नाव नववीत घालायचं होतं. बाबा कचेरीत, म्हणून आई आणि मी तिला घेऊन गेलो. मोठ्या बहनजींनी आम्हाला बसवलं, माझं तोंडभरून कौतुक केलं. आईनं पेढ्यांचा डबा पुढे केला. मग बहिणीसाठी विज्ञान शाखा म्हणताच त्यांनी प्रवेशाचा कागद बाजूला सारला.

"विज्ञान में अब नए नाम नहीं ले रहे," त्या म्हणाल्या. "पोस्ट चली गई."

"चली गई म्हणजे?" आईनं मला विचारलं.

त्यांनीच समजावून सांगितलं. दोन वर्षं त्या मास्तर मागत होत्या. यंदा वरून विचारणा झाली की मास्तराशिवाय तुमचा निकाल पूर्ण लागतो, मग मास्तर कशाला? ती जागा दुसऱ्या एका गावच्या शाळेला दिली, जिथे मुलं नापास झाली होती. आणि परीक्षकांच्या रिपोर्टातही तसंच आलं होतं. अभिभावक संतुष्ट हैं, म्हणजे पालकांची काही तक्रार नाही.

आई म्हणाली, "आप कुछ बोली क्यों नहीं?"

मोठ्या बहनजींनी पेढ्याचा डबा नुसता फिरवला. "मैं नौकरी में हूँ, बाई. अपने ही विभाग के ख़िलाफ़ कैसे बोलती? उस दिन आपके घर मैं इसीलिए तो आई थी. साहब ने पूछा तो मेरा हाथ रुक गया. मैं आपका मुँह देख रही थी. सोचा, अब माताजी कहेंगी."

आईनं मान खाली घातली. टेबलाच्या कडेवर तिची बोटं होती, ती आधी एक एक करून मिटली आणि मग हात पदराखाली गेला. मला तिच्यावर ओरडायचं होतं ते सगळं त्या क्षणी विरून गेलं.

बहिणीचं नाव गृहविज्ञानात घातलं. परत येताना ऊन होतं आणि आई भराभर पुढे चालत होती, जणू घरी काही करपतंय. बहीण माझ्या बरोबरीनं चालत होती. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण ती रडली नाही. वळणावर आल्यावर तिनं माझा हात धरून मला थांबवलं.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही सगळ्या पास काहून झाल्या?"

पुढे आईची पावलं क्षणभर थांबली. मग ती मागे न बघता चालायला लागली.